कौशल्यनिर्मितीचे अर्थशास्त्र : घरच्या कार्यशाळेतील टिग वेल्डिंगचे उदाहरण

भारतातील कौशल्यविकासाची चर्चा बहुधा योजना, उद्दिष्टे आणि प्रमाणपत्रांच्या संख्येभोवती फिरते. परीक्षेच्या दृष्टीने ही माहिती आवश्यक आहेच. परंतु एखादे कौशल्य माणसाच्या हातात प्रत्यक्ष कसे उतरते, त्यासाठी किती वेळ व पैसा लागतो आणि तो कोणी सोसायचा, हे प्रश्न त्या चर्चेत मागे पडतात. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या २०२२-२३ च्या निष्कर्षांनुसार १५ ते २९ वर्षे वयोगटातील केवळ ४.४ टक्के युवकांनी औपचारिक व्यावसायिक प्रशिक्षण घेतले होते, आणखी १६.६ टक्के युवकांनी ते अनौपचारिक मार्गांनी मिळवले होते. म्हणजे संस्थेत शिकलेल्या प्रत्येक एका युवकामागे जवळपास चार जण घरात, दुकानात, वडिलांच्या किंवा वस्तादाच्या हाताखाली शिकलेले आहेत. या चौघांचे शिक्षण आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत संपते. प्रस्तुत लेखात त्या ओळीचाच विस्तार करण्याचा प्रयत्न आहे आणि त्यासाठी टिग वेल्डिंग हे एकच कौशल्य निवडले आहे.

या निवडीमागे एक वैयक्तिक कारणही आहे. गुरुग्राममध्ये राहत असताना गेली काही वर्षे मी घराच्या तळमजल्यावरील वाहनतळाच्या एका कोपऱ्यात हे काम शिकतो आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने हातात टॉर्च धरावी याचे शेजाऱ्यांना आरंभी नवल वाटले. मला मात्र मानवी भांडवलाविषयी जे तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो, त्यातील बराच भाग या कोपऱ्यात पहिल्यांदा नीट समजला.

गुरुग्रामची पार्श्वभूमी

गुडगाव (२०१६ पासून गुरुग्राम) हे नाव आज काचेच्या इमारतींशी जोडले जाते. त्याच्या औद्योगिक जडणघडणीचा निर्णायक टप्पा मात्र डिसेंबर १९८३ चा आहे. त्या महिन्यात मारुतीच्या येथील कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. तिच्या मागोमाग सुट्या भागांचे पुरवठादार आले, त्यांच्या मागे साचे व अवजारे बनवणाऱ्या कार्यशाळा आल्या आणि पुढे मानेसरपर्यंत हा पट्टा पसरला. मोठ्या कारखान्यांत आज जोडकाम मुख्यत्वे यंत्रमानव करतात. परंतु साच्याची दुरुस्ती, स्टेनलेस स्टीलची नळजोडणी, औषध व अन्नप्रक्रिया उद्योगातील टाक्या, स्वयंपाकघरांची उपकरणे, जिन्यांचे कठडे ही सुटी, दर वेळी वेगळ्या आकाराची कामे अद्याप मानवी हातावरच अवलंबून आहेत. खांडसा रस्त्यावरील लहान दुकानांत ही कामे चालतात. तेथे काम करणाऱ्यांपैकी कोणी संस्थेत शिकला आहे का, असे विचारले तर बहुधा नकारार्थी मान हलते.

हरियाणा शासनाने २०१६ च्या कायद्याने श्री विश्वकर्मा कौशल्य विद्यापीठाची स्थापना केली. पलवल जिल्ह्यातील दुधोला येथे त्याचे आवार आहे आणि सुरुवातीच्या काळात त्याचे कामकाज गुरुग्राममधून चालत असे. कौशल्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ ही कल्पना स्वागतार्ह आहे. खांडसा रस्त्यावरील दुकान आणि दुधोल्याचे आवार यांतील अंतर मात्र केवळ किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

टिग वेल्डिंग म्हणजे काय?

या पद्धतीत टंगस्टनची एक टोकदार कांडी आणि जोडावयाचा धातू यांच्यामध्ये विद्युत चाप निर्माण केला जातो. टंगस्टनचा वितळणांक सुमारे ३,४२० अंश सेल्सिअस असल्यामुळे कांडी स्वतः वितळत नाही. चापाच्या उष्णतेने मूळ धातूचे एक लहान डबके तयार होते आणि आवश्यकतेनुसार त्यात दुसऱ्या हाताने पूरक तार घातली जाते. हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन यांपासून तप्त धातूचे रक्षण करण्यासाठी टॉर्चमधून आर्गॉन हा निष्क्रिय वायू सतत सोडला जातो. टंगस्टन आणि निष्क्रिय वायू यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टिग’ हे नाव पडले. १९४० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियमचे भाग जोडण्यासाठी ही पद्धत विकसित केली. त्या वेळी हेलियम वायू वापरला जात असे.

पोलाद व स्टेनलेस स्टीलसाठी एकदिश विद्युतप्रवाह वापरतात व टंगस्टन ऋण टोकाला जोडतात. ॲल्युमिनियमचे गणित निराळे आहे. हा धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांहून अधिक तापमानाला वितळतो. तो थर फोडण्यासाठी प्रत्यावर्ती प्रवाह लागतो आणि म्हणून यंत्रही महाग पडते. घरी शिकणाऱ्याने ॲल्युमिनियमचा मोह आरंभी टाळावा.

कांडीच्या साहाय्याने होणाऱ्या साध्या वेल्डिंगमध्ये एक हात काम करतो. टिगमध्ये दोन्ही हात आणि बहुधा पायही. एका हाताने टॉर्च साधारण ७० ते ७५ अंशांत धरून पुढे सरकवायची, दुसऱ्या हाताने १५ ते २० अंशांच्या उतरत्या कोनात तार देत राहायचे आणि पायाखालच्या पेडलने प्रवाह कमीजास्त करायचा. टंगस्टनचे टोक व डबके यांतील अंतर साधारण कांडीच्या व्यासाइतके, म्हणजे दीड-दोन मिलिमीटर राखावे लागते. ते वाढले की उष्णता पसरते. शून्य झाले की टंगस्टन डबक्यात बुडते, दूषित होते आणि ग्राइंडरवर पुन्हा घासावे लागते. पहिल्या दोन महिन्यांत माझा निम्मा वेळ चापासमोर गेला नाही. तो ग्राइंडरसमोर गेला. टोक लांबीच्या दिशेने घासायचे, आडवे नाही, हेदेखील मला उशिरा कळले. आडव्या ओरखड्यांमुळे चाप भरकटतो.

खर्चाचे स्वरूप

आता या कामाकडे उत्पादन खर्चाच्या चौकटीतून पाहू. यंत्र, सिलिंडरची अनामत रक्कम, नियंत्रक झडप, शिरस्त्राण आणि टेबल हा स्थिर खर्च होय. वायू, वीज, टंगस्टन, तार आणि पत्र्याचे तुकडे हा बदलता खर्च होय.

दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यासाठी सुमारे ८० अँपियर प्रवाह पुरतो. दर मिलिमीटर जाडीला ४० अँपियर हा स्थूल नियम आहे. या प्रवाहाला चापाचा दाब प्रमाणित सूत्रानुसार १० अधिक ०.०४ गुणिले ८०, म्हणजे १३.२ व्होल्ट धरतात. म्हणजेच चापाची शक्ती सुमारे १,०५६ वॅट झाली. इन्व्हर्टर यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के मानली तर भिंतीतून सुमारे १,३२० वॅट घेतले जातात. घरातील पाणी तापवण्याच्या उपकरणाइतकाच, किंबहुना थोडा कमी, हा भार आहे. चाप सलग तासभर चालला तरी वीज जेमतेम सव्वा ते दीड युनिट लागेल. वेल्डिंगसाठी औद्योगिक वीजजोडणीच हवी हा समज जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रांच्या काळातला आहे. इन्व्हर्टर यंत्रे लहान व हलकी झाली आणि त्यामुळे या कौशल्याचा उंबरठा घराच्या आत आला. तंत्रज्ञान बदलल्यामुळे किमान कार्यक्षम उत्पादनप्रमाण कसे खाली येते याचे हे चांगले उदाहरण आहे.

वायूचा हिशेब अधिक बोचरा आहे. ४७ लिटर पाण्याच्या क्षमतेच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाने भरलेला आर्गॉन सामान्य दाबाला सुमारे ७,००० लिटर होतो. मिनिटाला ८ लिटर वापरल्यास ८७५ मिनिटे, म्हणजे साडेचौदा तास चाप चालेल. शिकाऊ माणसाचा चाप मात्र दर तासाला वीस मिनिटेही पेटलेला नसतो. उरलेला वेळ घासणे, पुसणे, शिकंज्यात बसवणे आणि थंड होण्याची वाट पाहणे यांत जातो. त्यामुळे एक मोठा सिलिंडर कार्यशाळेतील चाळीसेक तासांच्या सरावाला पुरतो. दहा लिटरचा छोटा सिलिंडर स्वस्त वाटतो, पण तो तीन तासांच्या चापातच संपतो आणि त्याला प्रति लिटर दरही अधिक पडतो. ज्याच्याकडे एकरकमी भांडवल कमी, त्यालाच सरावाचा दर तासाचा खर्च जास्त, हा गरिबीच्या अर्थशास्त्रातील ओळखीचा विरोधाभास येथेही भेटतो.

वायूच्या प्रवाहाविषयी एक अनुभव सांगण्यासारखा आहे. मे महिन्यात तळमजल्यावर उकाडा असह्य होतो म्हणून मी सर्व सरंजाम गच्चीवर नेला. गुरुग्रामच्या गच्चीवर त्या दिवसांत लू वाहते. जोडामध्ये सुईने टोचल्यासारखी छिद्रे पडू लागली. वायू कमी पडतो असे समजून प्रवाह ८ वरून १२, मग १८ लिटर केला; छिद्रे वाढली. कारण असे, की ठरावीक मर्यादेपलीकडे वायू नोझलमधून खळबळत बाहेर पडतो आणि आजूबाजूची हवा स्वतःच आत ओढतो. बदलत्या प्रमाणाच्या नियमातील तिसरी अवस्था, जेथे सीमांत उत्पादन ऋण होते, विद्यार्थ्यांना नेहमी कृत्रिम वाटते. कोणता शेतकरी इतके खत घालेल, असे ते विचारतात. मी घातले होते.

करून शिकणे आणि अध्ययन वक्र

१९३६ मध्ये टी. पी. राइट यांनी विमाननिर्मितीतील खर्चाच्या अभ्यासातून असे दाखवले, की एकत्रित उत्पादन दुप्पट झाले की प्रति विमान सरासरी श्रम पूर्वीच्या सुमारे ८० टक्क्यांवर येतात. पहिल्या नगाला ६० मिनिटे लागली असतील तर दोन नगांची सरासरी ४८, चारांची ३८.४ आणि आठांची सुमारे ३०.७ मिनिटे होईल. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये ‘करून शिकणे’ या संकल्पनेला वृद्धीच्या सिद्धांतात स्थान दिले : ज्ञान हे उत्पादनाच्या अनुभवातूनच वाढते आणि त्याचा लाभ केवळ अनुभव घेणाऱ्याला होतो असे नाही.

या वक्राविषयी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. नुसत्या पुनरावृत्तीने तो खाली येत नाही. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हेतुपूर्वक सरावाच्या कल्पनेत चुकीची ताबडतोब जाणीव होणे ही महत्त्वाची अट आहे. टिग वेल्डिंगमध्ये ही जाणीव विकत घ्यावी लागत नाही, ती धातूच देतो. स्टेनलेस स्टीलवरील जोड सोनेरी किंवा फिकट पिवळा दिसला तर उष्णता व वायू योग्य. निळा झाला तर उष्णता वाढली. करडा आणि खरखरीत झाला तर धातू जळला. तरीही बाह्य रंगावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. म्हणून दर आठवड्याला एक तुकडा करवतीने आडवा कापून आत जोड किती खोल गेला ते पाहावे, दुसरा शिकंज्यात धरून जोडावरच वाकवावा. चांगला दिसणारा जोड वाकवल्यावर तडकतो तेव्हा होणारे दुःख फार उपयुक्त असते.

सरावाचा क्रम साधा ठेवावा. प्रथम दोन मिलिमीटर पत्र्यावर तार न वापरता केवळ डबके सरळ रेषेत चालवणे, नंतर तार घालणे, मग बाहेरचा कोपरा, एकावर एक ठेवलेले पत्रे, काटकोनी जोड आणि शेवटी समोरासमोर जोड. प्रत्येक तुकड्यावर खडूने क्रमांक घालून वहीत प्रवाह, वायू, तारेचा व्यास आणि दोष यांची नोंद करावी. एका वेळी एकच घटक बदलावा. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शब्द आपण अर्थशास्त्रात इतक्या सहजपणे उच्चारतो. परिस्थिती कायम ठेवणे किती कष्टाचे असते हे मला या वहीने शिकवले. पत्रा तेलकट राहिला, वायूची नळी कोठे सैल झाली, हात थकला, यांपैकी एखादी गोष्ट नेहमी बदललेली असते.

सुरक्षेबाबत तडजोड नको. चापाची अतिनील किरणे उघड्या त्वचेला काही मिनिटांत भाजतात आणि डोळ्यांना वाळू गेल्यासारखी वेदना देतात. योग्य छटेचे शिरस्त्राण, सुती जाड कपडे व हातमोजे अनिवार्य आहेत. आर्गॉन हवेपेक्षा जड आहे, त्याला वास नाही आणि बंद तळघरात तो प्राणवायूची जागा घेतो. क्लोरीनयुक्त द्रावकाने पत्रा पुसून त्यावर चाप पेटवल्यास विषारी फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला असावा. दिल्ली परिसरात हिवाळ्यात प्रदूषणाची पातळी गंभीर झाली की श्रेणीबद्ध कृती आराखड्याखाली बांधकामाच्या जागेवरील फॅब्रिकेशन व वेल्डिंगच्या कामांवरही बंदी येते. घरचा सराव आणि बांधकामाची जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पण त्या आठवड्यांत रोजंदारीवरील वेल्डरची मिळकत थांबते, हे श्रमबाजाराच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावे.

खर्च कोणी करावा?

गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार केले. एका विशिष्ट आस्थापनेतच उपयोगी पडणारे ते विशिष्ट प्रशिक्षण. कोणत्याही आस्थापनेत उपयोगी पडणारे ते सामान्य प्रशिक्षण. सामान्य प्रशिक्षणाचा खर्च मालक करणार नाही, कारण शिकलेला कामगार शेजारच्या दुकानात अधिक वेतनावर जाऊ शकतो. टिग वेल्डिंग हे जवळजवळ शुद्ध स्वरूपाचे सामान्य कौशल्य आहे. गुरुग्राममध्ये बसलेला हात मुंबईत, सुरतमध्ये किंवा आखाती देशांत तितकाच चालतो. म्हणून त्याचा खर्च अखेर कामगारावर येतो : उमेदवारीच्या काळातील अल्प वेतनाच्या रूपाने किंवा स्वतःच्या रविवारांच्या रूपाने. त्याच्याकडे भांडवल नसते आणि भविष्यातील कौशल्य तारण ठेवून बँक कर्ज देत नाही. परिणामी समाजाला हवी त्यापेक्षा कमी कौशल्यनिर्मिती होते. शासनाच्या हस्तक्षेपाचे सैद्धांतिक समर्थन येथे आहे.

हा हस्तक्षेप टप्प्याटप्प्याने वाढत गेला. १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना व तीतून उभ्या राहिलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था हा पहिला टप्पा. वेल्डर हा तेथील एक वर्षाचा व्यवसाय असून आठवी उत्तीर्ण उमेदवार त्यासाठी पात्र ठरतो. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा हा दुसरा. तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे; २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली विद्यावेतनाचा २५ टक्के, दरमहा कमाल १,५०० रुपये, वाटा केंद्र शासन उचलते. बेकर यांनी वर्णिलेल्या अडचणीवर हा सरळ उपाय आहे. परंतु चार ते एकोणतीस मनुष्यबळाच्या दुकानांना ही सहभागिता ऐच्छिक आहे आणि चारांहून कमी असलेली दुकाने बाहेरच राहतात. ज्या दुकानांत टिगचे हात घडतात ती बहुतांशी याच वर्गात मोडतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद झाली. त्या यादीत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, वेल्डर नाही. परंपरेची रेषा कोठे ओढायची हा धोरणकर्त्यांपुढील कठीण प्रश्न होता हे मान्य करूनही, खांडसा रस्त्यावरील वेल्डर हा लोहाराचाच आजचा वंशज आहे असे मला वाटते.

या संदर्भात महाराष्ट्रातील पाबळचा उल्लेख करणे उचित ठरेल. पुणे जिल्ह्यातील या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हिंदुस्तान लिव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून ते तेथे गेले. शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती अशी अनेक कामे शिकवायची आणि ती गावाला प्रत्यक्ष सेवा देत शिकवायची, ही त्यांची पद्धत. मुलांनी बनवलेली खिडकी कोणाच्या तरी घरात बसे आणि तिची किंमतही येई. सरावाचा बदलता खर्च उत्पन्नातून भागवण्याचा हा मार्ग घरच्या कार्यशाळेलाही लागू पडतो. अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे फॅब लॅबही सुरू झाली. २००३ मध्ये डॉ. कालबाग यांचे निधन झाले. त्यांचा विचार औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मुख्य प्रवाहात जितका मुरायला हवा होता तितका मुरला नाही, असे माझे मत आहे.

न सांगता येणारे ज्ञान

मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये ‘अव्यक्त ज्ञान’ ही संकल्पना मांडली : माणसाला जितके सांगता येते त्यापेक्षा अधिक माहीत असते. मराठीत आपण ‘हात बसला’ म्हणतो, त्यातही हाच आशय आहे.

मला शिकवणारा मिस्त्री दरभंगा जिल्ह्यातून आलेला, चाळिशीतला माणूस आहे. कठडे बनवणाऱ्या एका दुकानात तो काम करतो. मी त्याला उस्ताद म्हणतो, तो मला सर म्हणतो. दोघांनाही आपापले संबोधन थोडे जड जाते. मी पुस्तकातून कोन आणि प्रवाह पाठ करून गेलो होतो. त्याने पाच मिनिटे माझे काम पाहिले आणि म्हणाला, “सर, तुम्ही उजेडाकडे पाहता. उजेड सोडा, पाण्याकडे पाहा.” पाणी म्हणजे वितळलेल्या धातूचे डबके. डबक्याची पुढची कड ओलसर चकाकली की तार द्यायची, कड बुजली की थांबायचे. चापाचा प्रखर बिंदू डोळा ओढून घेतो आणि नवशिका तेथेच अडकतो. हे वाक्य मी वाचलेल्या पुस्तकांतही असेल. माझ्या डोळ्यांना मात्र ते त्याच्या बोटाने दाखवल्यावर कळले. दुसरी गोष्ट त्याने सांगितलीही नाही. तो करंगळी पत्र्यावर टेकवून टॉर्च सरकवतो, हे पाहून मी उचलले आणि माझ्या हाताचा थरकाप निम्मा झाला.

अशा ज्ञानाचा प्रसार पुस्तकाने किंवा ध्वनिचित्रफितीने पूर्ण होत नाही, त्याला सान्निध्य लागते. औपचारिक प्रशिक्षणात एका निदेशकामागे उमेदवारांची संख्या किती, हा प्रश्न म्हणूनच इमारती आणि यंत्रांपेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

प्रमाणपत्र आणि विषम माहिती

जोड हा विषम माहितीचा उत्तम नमुना आहे. वरून सुरेख दिसणारा जोड आतून पोकळ असू शकतो. ग्राहकाला ते कळत नाही, कधी कधी वेल्डरलाही नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवले, की गुणवत्ता ओळखता आली नाही तर बाजार सरासरी किंमत देतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. वेल्डरच्या श्रमाचेही तसेच होते. ज्याचा हात उत्तम, त्यालाही कठड्याच्या दुकानात सर्वसाधारण मजुरी. मायकेल स्पेन्स यांच्या १९७३ मधील संकेत सिद्धांतानुसार प्रमाणपत्र हा यावर उपाय आहे. मात्र ते कमी कौशल्याच्या माणसाला सहज मिळू नये ही अट आहे.

वेल्डिंगच्या क्षेत्रात अशी कसोटी आहे. आयएस ७३१८ हे भारतीय मानक वेल्डरच्या मान्यता चाचण्यांविषयी आहे. बॉयलरच्या कामासाठी भारतीय बॉयलर विनियम, १९५० अन्वये वेल्डरची स्वतंत्र परीक्षा घेतली जाते. अमेरिकी यंत्र अभियंता संस्थेच्या संहितेचा नववा विभाग जगभर मानला जातो. या परीक्षांत तोंडी उत्तरे नाहीत : नळी जोडायची, तिचे तुकडे कापून वाकवायचे किंवा क्ष-किरणाने तपासायचे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट २०१३ मध्ये आली, राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद २०१८ मध्ये अधिसूचित झाली आणि २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ‘पूर्वप्राप्त कौशल्यांना मान्यता’ हा घटक समाविष्ट झाला. अनौपचारिक मार्गाने शिकलेल्यांसाठी हा शेवटचा घटक सर्वांत मोलाचा आहे. पण अल्पकालीन अभिमुखता आणि त्यानंतर एक मूल्यमापन एवढ्यावर मिळालेले प्रमाणपत्र, वाकवून तपासलेल्या जोडाइतके वजन बाजारात मिळवू शकत नाही. वेल्डिंगसारख्या व्यवसायात या मान्यतेची चाचणी उद्योगाच्या चाचणीशी जोडली गेली पाहिजे. त्याचा खर्च अधिक येईल आणि प्रमाणपत्रांची संख्या घटेल. ती घटू द्यावी.

या मिस्त्रीची गोष्ट येथे पुरी करणे आवश्यक आहे. नळजोडणीचे काम करणाऱ्या एका कंपनीच्या दारावरून तो पूर्वी एकदा परत आला होता. अर्जात संस्थेचे नाव लिहिण्याची जागा होती आणि त्याच्याकडे लिहिण्यासारखे नाव नव्हते. नंतर एका ठेकेदाराने त्याला चाचणीला बसवले. दोन इंची स्टेनलेस नळीचा जोड वाकवला गेला, तडकला नाही आणि तो उत्तीर्ण झाला. काम चार महिने चालले, ठेका संपला, तो पुन्हा कठड्यांकडे वळला. उपर्युक्त संहितेनुसार वेल्डरने सहा महिने ती पद्धत वापरली नाही तर त्याची पात्रता संपुष्टात येते. मानवी भांडवलाच्या घसाऱ्याची इतकी नेमकी मुदत मला अन्यत्र कोठे आढळलेली नाही. कठडे चकाकवण्याच्या कामात नळीच्या आतील जोडाचा सराव राहत नाही, म्हणून तो महिन्यातून दोन रविवार माझ्याकडे येतो. भंगारातून आणलेले नळीचे तुकडे आम्ही चौफेर जोडतो, कापतो, वाकवतो. तारीख, प्रवाह आणि निकाल तो माझ्या वहीत देवनागरीत लिहितो. संहितेच्या दृष्टीने या नोंदीला किंमत नाही, कारण ती पात्रता देणाऱ्या संस्थेच्या देखरेखीखालची असावी लागते. हे मी त्याला समजावून सांगितले आहे. त्याने ऐकून घेतले आणि पुढच्या रविवारी येताना स्वतःची वेगळी वही आणली.